शोधयंत्र-अनुकूलन

शोधयंत्र-अनुकूलन : आंतरजालावरील एखादे संकेतस्थळ किंवा त्यातील एखादे पृष्ठ शोधयंत्रास सुलभपणे वाचता यावे, त्याच्या सूचीत ते योग्य शब्दांखाली नोंदले जावे आणि त्या विषयाचा शोध घेणाऱ्या व्यक्तीस फलितांच्या यादीत ते वरच्या बाजूस आढळावे, यासाठी केलेली मजकुराची, रचनेची व तांत्रिक मांडणीची योजना. व्यवहारात ती ‘एसईओ’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. शोधयंत्राच्या पृष्ठावर ‘प्रायोजित’ अशा खुणेसह दिसणाऱ्या जाहिराती पैसे देऊन मिळविलेल्या असतात; त्यांचा या विषयात समावेश होत नाही. अनुकूलनाचा संबंध केवळ अप्रायोजित फलितांशी असतो व त्यांतील स्थान शोधयंत्र विकत देत नाही. हा भेद प्रारंभीच लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण ‘पहिला क्रमांक हमखास मिळवून देऊ’ अशी आश्वासने देणारे व्यावसायिक नेमका तोच धूसर करतात.

शोधणाऱ्यास हवी ती वस्तू सापडावी, हा प्रश्न संगणकापेक्षा पुष्कळ जुना आहे. वर्धा जिल्ह्यातच त्याचे एक बोलके उदाहरण घडले. महात्मा गांधी १९३६ मध्ये वर्ध्याजवळील सेगाव या खेड्यात राहावयास गेले. देशभरातून त्यांच्या नावे येणारी पत्रे पुष्कळदा बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव येथे जात. दोन्ही नावे जवळजवळ सारखी आणि शेगाव मुंबई-नागपूर लोहमार्गावरचे अधिक परिचित ठाणे. अखेर १९४० मध्ये सेगावचे नामांतर ‘सेवाग्राम’ असे करण्यात आले व टपालाचा घोटाळा मिटला. पत्ता बरोबर लिहिलेला असूनही पत्र अधिक प्रसिद्ध अशा समनामी गावाकडे जाणे आणि त्यावर वेगळे, अर्थपूर्ण नाव हा उपाय योजणे, या दोन्ही गोष्टी आजच्या शोधयंत्र-अनुकूलनाच्या अभ्यासकास ओळखीच्या वाटतील.

या जिल्ह्यातील स्थलनामे या दृष्टीने मुद्दाम पाहण्यासारखी आहेत. येथे आष्टी आहे, तशी बीड जिल्ह्यातही आहे. सेलू येथे आहे, तसे परभणी जिल्ह्यातही आहे. कारंजा (घाडगे) वर्धा जिल्ह्यात, तर कारंजा (लाड) वाशिम जिल्ह्यात. सिंदी (मेघे) व सिंदी (रेल्वे) ही तर एकाच जिल्ह्यातील दोन गावे. कंसातील ही विशेषणे महसुली व्यवहाराने आणि लोकव्यवहाराने समनामी गावांतील भेद दाखविण्यासाठीच रूढ केली. वायगाव (हळद्या) व वायगाव (निपाणी) ही अशीच जोडी आहे. त्यांपैकी समुद्रपूर तालुक्यातील वायगाव (हळद्या) येथील हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेले असून कुर्क्युमिन या घटकाच्या अधिक प्रमाणाबद्दल ती प्रसिद्ध आहे. या हळदीच्या उत्पादकांच्या एखाद्या गटाने स्वतःचे संकेतस्थळ काढले, तर ग्राहकास ते सापडेल काय? की त्या नावाखाली दुसऱ्याच विक्रेत्यांची पृष्ठे त्याच्यापुढे येतील? मानांकनाचा आर्थिक लाभ गावापर्यंत पोहोचणे बऱ्याच अंशी या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे. पुढील विवेचनात हेच उदाहरण सोयीसाठी घेतले आहे.

इतिहास : शोधयंत्राची वैचारिक पूर्वपीठिका ग्रंथालयशास्त्रात आहे. शि. रा. रंगनाथन् यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’ व ‘वाचकाचा वेळ वाचवा’ ही दोन सूत्रे येथे जशीच्या तशी लागू पडतात. मजकुरातील शब्दांच्या आधारे यंत्राने शोध घेण्याचे प्रयोग १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत जेरार्ड सॉल्टन यांनी केले. कॅरेन स्पार्क जोन्स या ब्रिटिश विदुषीने १९७२ मध्ये एक साधे पण दूरगामी तत्त्व मांडले : जो शब्द थोड्याच लेखांत आढळतो, तो शोधाच्या दृष्टीने अधिक मोलाचा. ‘आहे’ हा शब्द सर्वच मराठी पृष्ठांत असतो, म्हणून तो काहीच सांगत नाही. ‘कुर्क्युमिन’ मोजक्या पृष्ठांत असतो, म्हणून तो पुष्कळ सांगतो.

आंतरजालावरील फाइलींची नावे शोधणारी ‘आर्ची’ ही प्रणाली १९९० मध्ये माँट्रिऑल येथील मॅकगिल विद्यापीठात तयार झाली. याहूची हाताने वर्गीकृत केलेली निर्देशिका १९९४ मधील व पृष्ठांचा संपूर्ण मजकूर शोधणारे अल्टाव्हिस्टा १९९५ मधील. या काळात पृष्ठावर एखादा शब्द किती वेळा आला, याला फार महत्त्व असल्यामुळे संकेतस्थळांचे चालक तो शब्द शेकडो वेळा लिहीत, कधी पार्श्वभूमीच्याच रंगात लिहून वाचकापासून लपवीत. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज व सर्गी ब्रिन यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने ही स्थिती बदलली. विद्वत्पत्रिकांतील लेखाचे महत्त्व जसे इतर लेखांनी केलेल्या त्याच्या उल्लेखांवरून ठरवितात, तसे पृष्ठाचे महत्त्व त्याकडे येणाऱ्या दुव्यांवरून ठरवावे, ही त्यांची कल्पना होती. त्याच वर्षी गूगल ही कंपनी स्थापन झाली. ‘एसईओ’ ही संज्ञाही १९९७ च्या सुमारास प्रचारात आली. म्हणजे हा व्यवसाय आणि त्याच्या गैरवापराला आवर घालणारे तंत्र यांचा जन्म जवळजवळ एकाच वेळी झाला.

शोधयंत्राचे कार्य : ते तीन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात ‘क्रॉलर’ किंवा ‘बॉट’ या नावाची आज्ञावली एका पृष्ठावरून त्यातील दुव्यांनी दुसऱ्या पृष्ठावर जाते व मजकूर गोळा करते. ज्या पृष्ठाकडे एकही दुवा जात नाही, ते या फेरीत सापडणे कठीण असते. म्हणून संकेतस्थळाने आपल्या सर्व पृष्ठांच्या पत्त्यांची एक यादी, म्हणजे ‘साइटमॅप’, पुरवावी अशी प्रथा आहे. गूगलने ती २००५ मध्ये सुरू केली व पुढील वर्षी याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनीही स्वीकारली. उलट, कोणत्या भागात क्रॉलरने येऊ नये हे सांगणारी ‘रोबोट्स’ नावाची छोटी मजकूर-फाइल संकेतस्थळाच्या मुळाशी ठेवतात. हा संकेत १९९४ पासून पाळला जात असला, तरी त्यास अधिकृत मानकाचे रूप २०२२ मध्ये मिळाले.

दुसरा टप्पा सूचीकरणाचा. ग्रंथाच्या अखेरीस असलेल्या शब्दसूचीप्रमाणे शोधयंत्रही प्रत्येक शब्दापुढे तो ज्या पृष्ठांत येतो त्यांची नोंद ठेवते. शोध घेतला जातो तो या सूचीत. त्या क्षणी आंतरजालावर नव्हे. नव्याने प्रसिद्ध केलेले पृष्ठ लगेच का दिसत नाही, याचे उत्तर यात आहे.

तिसरा टप्पा क्रमवारीचा. पेज व ब्रिन यांच्या गणितात प्रत्येक पृष्ठ आपले वजन त्यातून बाहेर जाणाऱ्या दुव्यांत समान वाटून देते. चार दुवे असलेले पृष्ठ प्रत्येकास आपल्या वजनाचा चौथा हिस्सा देते. साहजिकच, मोजकेच दुवे देणाऱ्या वजनदार पृष्ठाचा दुवा मौल्यवान ठरतो. यामागे एका स्वैर वाचकाची कल्पना आहे : तो १०० पैकी ८५ वेळा समोरच्या एखाद्या दुव्याने पुढे जातो व १५ वेळा कंटाळून कोठेही उडी घेतो. असा वाचक दीर्घकाळ फिरत राहिल्यास ज्या पृष्ठावर अधिक वेळा आढळेल, ते पृष्ठ महत्त्वाचे. आज क्रमवारी ठरविताना या गणिताबरोबरच इतर अनेक घटक विचारात घेतले जातात व त्यांचे नेमके प्रमाण गुप्त ठेवलेले असते. शोधलेल्या शब्दांशी मजकुराचा अर्थदृष्ट्या असलेला संबंध, मजकुराची नवता, शोधणाऱ्याचे ठिकाण व भाषा, पृष्ठ उघडण्याचा वेग, मोबाइलवरील वाचनीयता हे त्यांपैकी जाहीर झालेले काही. पृष्ठाचे सुरक्षित प्रसारण हा घटक गूगलने २०१४ मध्ये विचारात घेण्यास प्रारंभ केला. पृष्ठाचे मोबाइलवर दिसणारे रूपच सूचीसाठी वाचण्याचा बदल २०१६ मध्ये जाहीर होऊन २०२३ मध्ये पूर्ण झाला. खेड्यापाड्यांतील बहुतेक वाचक मोबाइलवरच असल्याने वर्ध्यासारख्या जिल्ह्यात या बदलाचे महत्त्व विशेष आहे.

मराठी मजकुराचे प्रश्न : इंग्रजीसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिका मराठी संकेतस्थळास पुऱ्या पडत नाहीत. मराठीची अडचण मूळ अक्षरापासूनच सुरू होते. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीला १९९१ पासून स्थान असले, तरी पुढे दीर्घकाळ मराठी वृत्तपत्रे व संस्था खाजगी टंकांचाच वापर करीत होत्या. अशा टंकात पडद्यावर ‘कापूस’ दिसत असला, तरी संगणकाच्या लेखी तेथे रोमन अक्षरांची एक निरर्थक माळ असे. ते पृष्ठ माणसाला वाचता येई, शोधयंत्राला नाही. त्या काळात चढविलेला पुष्कळ मजकूर केवळ या कारणाने शोधाबाहेर राहिला. तो युनिकोडमध्ये रूपांतरित करणे, हे मराठीपुरते अनुकूलनाचे पहिले व सर्वांत फलदायी काम होय. जे कागद छायाचित्राच्या स्वरूपात चढविलेले असतात, त्यांचीही हीच गत होते. चित्रातील अक्षरे ओळखण्याची तंत्रे आता बरीच सुधारली आहेत. तथापि जुन्या खिळ्यांची छपाई व झिजलेली जोडाक्षरे यांत त्यांच्या चुका होतात. संस्थेने सूचनापत्र, अहवाल वा दरपत्रक केवळ छायाचित्र म्हणून न देता सोबत टंकलिखित मजकूर द्यावा, हा नियम साधा असूनही फारच थोड्या ठिकाणी पाळला जातो.

युनिकोडमध्येही एकच शब्द दोन प्रकारे लिहिला जाऊ शकतो. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातील ‘ऱ्य’ हे जोडाक्षर काही कळफलक नुक्ता असलेल्या ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षरापासून तयार करतात, तर काही साध्या ‘र’ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह लावून तयार करतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राला ते भिन्न शब्द असतात. ‘ॲ’ या स्वराचीही अशीच दोन रूपे प्रचलित आहेत. मोठी शोधयंत्रे असे भेद बव्हंशी सांधून घेतात, परंतु संकेतस्थळाच्या स्वतःच्या अंतर्गत शोधपेटीत ते हमखास आडवे येतात. शेतीविषयक संकेतस्थळावर ‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्द शोधून काहीच सापडू नये, हा अनुभव या कारणाने येतो. एका संकेतस्थळापुरता एकच कळफलक व एकच लेखनपद्धती ठरविणे हा यावरील उपाय.

याहून महत्त्वाचा प्रश्न मराठीच्या विभक्तिव्यवस्थेचा आहे. इंग्रजीत नाम बहुधा जसेच्या तसे राहते. मराठीत प्रत्ययापूर्वी त्याचे सामान्यरूप होते. ‘वर्धा’ शोधणाऱ्यासमोर ‘वर्ध्यातील’, ‘वर्ध्याहून’, ‘वर्ध्याचा’ ही रूपे असलेले पृष्ठ यावयास हवे. पण या रूपांत ‘वर्धा’ ही अक्षरमाला कोठेच नाही. ‘कापूस’चे ‘कापसाला’, ‘तूर’चे ‘तुरीचे’, ‘विहीर’चे ‘विहिरीत’ होते. शब्दाचे मूळ रूप ओळखणारी प्रणाली नसेल, तर नुसती अक्षरे जुळविणारे यंत्र येथे फसते. वाक्यातील शब्दांचा परस्परसंबंध लक्षात घेणारी ‘बर्ट’ ही भाषाप्रणाली गूगलने डिसेंबर २०१९ मध्ये मराठीसह ७० हून अधिक भाषांत लागू केली. तेव्हापासून ही उणीव बरीच भरून निघाली आहे. तरीही लेखकाने शीर्षकात व पहिल्या परिच्छेदात मूळ नाम प्रथमा विभक्तीत एकदा तरी येईल अशी वाक्यरचना करावी. ‘वायगावच्या हळदीची वैशिष्ट्ये’ या शीर्षकापेक्षा ‘वायगाव हळद : लागवड व गुणधर्म’ हे शीर्षक शोधास अधिक सोयीचे आहे, आणि मराठी म्हणूनही त्यात काही उणे नाही.

रोमन लिपीतून मराठी शोधणाऱ्यांचाही विचार करावा लागतो. मोबाइलवर पुष्कळ लोक मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहितात व प्रत्येकाचे लेखन वेगळे असते. वायगावचा ‘व’ कोणी ‘डब्ल्यू’ने लिहितो, कोणी ‘व्ही’ने, सेलू, पवनार, देवळी यांचीही एकाहून अधिक रोमन रूपे आढळतात. डिसेंबर २०१६ मध्ये चेन्नईजवळ धडकलेल्या चक्रीवादळाचे रोमन नाव तर वर्ध्याच्या ‘व्ही’युक्त रूपाहून केवळ शेवटच्या दोन अक्षरांच्या अदलाबदलीने वेगळे होते. पाकिस्तानने सुचविलेल्या त्या नावाचा वर्ध्याशी काडीचाही संबंध नव्हता. गुलाब असा त्याचा अर्थ. अधिकृत रोमन लेखन ठळकपणे द्यावे व प्रचलित पर्यायी रूपे परिचयाच्या एखाद्या वाक्यात नैसर्गिकपणे आणावीत. पर्यायांची लांबलचक माळ पृष्ठाच्या तळाशी चिकटविणे मात्र अनिष्ट होय.

देवनागरी ही मराठी, हिंदी, नेपाळी, कोकणी इ. भाषांची समान लिपी असल्याने लहान मजकुराची भाषा ओळखण्यात यंत्राची गफलत होऊ शकते. वर्धा येथे राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ पासून आणि महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय १९९७ पासून आहे. सेवाग्राम व पवनार येथे देशाच्या सर्व भागांतून लोक येतात. अशा ठिकाणी मराठी, हिंदी व इंग्रजी अशी तीन भाषांतील पृष्ठे ठेवणे स्वाभाविक आहे. त्यांची सरमिसळ एकाच पृष्ठावर न करता प्रत्येक भाषेस स्वतंत्र पत्ता द्यावा आणि ही पृष्ठे परस्परांची भाषांतरे आहेत हे सांगणारी खूण आज्ञावलीत ठेवावी. यंत्राने केलेले भाषांतर न तपासता प्रसिद्ध करू नये. देवनागरीतील ‘.भारत’ हे क्षेत्रनाम २०१४ पासून उपलब्ध आहे. त्यामुळे संस्थेचा पत्ता मराठीत असू शकतो. क्रमवारीत त्याचा वेगळा लाभ मिळत नाही, पण पत्ता लक्षात ठेवणाऱ्यास त्याची सोय आहे.

पृष्ठाची रचना : शोधयंत्र पृष्ठाचे शीर्षक विशेष लक्षपूर्वक वाचते. ‘मुखपृष्ठ’ किंवा ‘आपले स्वागत असे’ हे शीर्षक कोणत्याच शोधास उत्तर देत नाही. प्रत्येक पृष्ठास त्याच्या विषयाचे स्वतंत्र शीर्षक, फलितांत दिसणारे दोन ओळींचे वर्णन, उपशीर्षकांची योग्य उतरंड, चित्रांना पर्यायी मजकूर आणि अर्थपूर्ण पत्ता असावा. चित्राचा पर्यायी मजकूर मुळात दृष्टिहीन वाचकांसाठी आहे, ही गोष्ट या व्यवसायात विसरली जाते. पूर्वी पृष्ठाच्या डोक्यात कळशब्दांची एक अदृश्य यादी देत असत. गूगलने ती विचारात घेत नसल्याचे २००९ मध्ये स्पष्ट केले, तरीही ती भरण्याचे शुल्क आकारणारे लोक आढळतात. गूगल, मायक्रोसॉफ्ट व याहू यांनी २०११ मध्ये एकत्रितपणे ठरविलेल्या शब्दावलीनुसार पत्ता, वेळ, किंमत, लेखक इ. माहिती यंत्राला कळेल अशा साच्यात देता येते. ‘वायगाव’ हे येथे गाव, ‘हळद’ हे उत्पादन व अमुक आकडा ही त्याची किंमत, हे यंत्राने अनुमानाने ओळखण्याऐवजी आपणच त्यास सांगणे, असा तिचा आशय.

कोणता शब्द घ्यावा, याचा निर्णय शोधणाऱ्याच्या बाजूने करावा लागतो. गावाचे नाव ठाऊक असलेला ग्राहक ‘वायगाव हळद’ असे शोधील. नाव ठाऊक नसलेला ‘कुर्क्युमिन जास्त असलेली हळद’ असे विचारील. सांगलीच्या हळदीलाही मानांकन असल्याने तुलना करू पाहणारा तिसराच. या तिघांचे समाधान एका पृष्ठाने होत नाही. उत्पादकांनी लागवडीचा हंगाम, बेण्याची निवड, शिजविण्याची व वाळविण्याची रीत, मानांकनाचे प्रमाणपत्र, खरी हळद कशी ओळखावी यांविषयी जे स्वतःलाच ठाऊक आहे ते लिहावे. दूरच्या विक्रेत्यास ते लिहिता येणार नाही आणि नेमके तेच शोधयंत्रास हवे असते. मजकूर तपासणाऱ्या परीक्षकांसाठीच्या आपल्या निकषांत गूगलने डिसेंबर २०२२ मध्ये तज्ज्ञता, अधिकार व विश्वासार्हता यांच्या जोडीला ‘प्रत्यक्ष अनुभव’ हा निकषही घातला.

संकेतस्थळ नव्याने बांधताना जी हानी होते तिचा उल्लेख येथे केला पाहिजे. पृष्ठाचा पत्ता बदलल्यास जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे कायमचे पुनर्निर्देशन ठेवावे लागते. गावातून बिऱ्हाड हलविताना टपाल कचेरीत नवा पत्ता देऊन ठेवावा, तसा हा प्रकार. पूर्वी ‘वर्धा पूर्व’ या नावाने ओळखले जाणारे रेल्वेस्थानक आता ‘सेवाग्राम’ झाले. जुने नाव सांगणाऱ्या प्रवाशालाही तिकीट त्याच ठिकाणचे मिळाले पाहिजे. प्रस्तुत लेखकाने पाहिलेल्या एका जुन्या संस्थेने नवे, देखणे संकेतस्थळ उभारले. परंतु पुनर्निर्देशन केले नाही, आणि बांधकामाच्या काळात लावलेली ‘सूचीत घेऊ नये’ ही खूणही काढावयाची राहिली. कित्येक वर्षांत साठलेले दुवे निरुपयोगी झाले व काही महिने ती संस्था शोधात जवळजवळ अदृश्य होती. दोष कोणाचा हे ठरेपर्यंत प्रवेशाचा हंगाम उलटून गेला होता.

दुवे : इतर संकेतस्थळांनी दिलेले दुवे ही प्रतिष्ठेची साक्ष समजली जाते. वर्धा जिल्ह्याच्या शासकीय संकेतस्थळावर, कृषी विद्यापीठाच्या पृष्ठावर अथवा एखाद्या दैनिकाच्या वृत्तात उत्पादक गटाचा उल्लेख दुव्यासह झाला, तर त्याचे मोल अनोळखी निर्देशिकांतील शेकडो दुव्यांहून अधिक असते. दुव्याचा दृश्य मजकूरही महत्त्वाचा : ‘येथे टिचकी मारा’ या शब्दांतून पृष्ठाचा विषय कळत नाही. लहान संस्थांच्या बाबतीत आढळणारी खेदाची गोष्ट अशी की, परस्परांना चांगल्या ओळखणाऱ्या व एकाच परिसरात काम करणाऱ्या संस्था एकमेकींच्या संकेतस्थळांचा उल्लेखच करीत नाहीत.

स्थानिक शोध : ‘जवळचे रुग्णालय’, ‘सेवाग्राम आश्रमाची वेळ’ यांसारख्या विचारणांची उत्तरे मुख्यतः नकाशातील नोंदींवरून दिली जातात. त्यांचा क्रम विषयाशी सुसंगती, अंतर व प्रसिद्धी या तीन गोष्टींवर ठरतो. नोंद संस्थेने स्वतः ताब्यात घेऊन नाव, पत्ता, दूरध्वनी व वेळा सर्वत्र एकसारख्या ठेवाव्यात. बेवारस नोंदीत कोणीही बदल सुचवू शकतो. बँका व सेवाकेंद्रांच्या नावे खोटे दूरध्वनी क्रमांक घालून लोकांना फसविल्याची प्रकरणे भारतात वारंवार उघडकीस आलेली आहेत. ही उपेक्षा केवळ गैरसोयीची नाही, धोक्याची आहे.

गैरप्रकार : क्रमवारी फसवून वर येण्याच्या युक्त्यांना या व्यवसायात ‘काळी टोपी’ असे म्हणतात. क्रॉलरला एक व वाचकाला दुसरे पृष्ठ दाखविणे, दुवे विकत घेणे, दुसऱ्याचा मजकूर थोडा फिरवून छापणे, यंत्राकरवी हजारो पोकळ पृष्ठे तयार करणे हे त्यांतील प्रमुख प्रकार. बीएमडब्ल्यू या मोटार कंपनीचे जर्मन संकेतस्थळ अशा कारणावरून गूगलने २००६ मध्ये काही काळ सूचीतून काढले होते. विकत घेतलेल्या दुव्यांमुळे वर आलेले अमेरिकेतील जे. सी. पेनी हे विक्रीगृह २०११ मध्ये खाली ढकलले गेले. निकृष्ट मजकुराविरुद्ध २०११ मध्ये ‘पांडा’ व कृत्रिम दुव्यांविरुद्ध २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ या नावांनी ओळखले जाणारे बदल झाले. मोठ्या कंपनीस अशा दंडातून बाहेर पडण्यासाठी तज्ज्ञांची फौज ठेवता येते. हळद उत्पादक गटाने स्वस्तात ‘हजार दुवे’ विकत घेतले, तर त्याचे संकेतस्थळ कायमचे झाकोळले जाण्याचा संभव असतो आणि आपल्याला काय झाले हे त्यास बहुधा कळतही नाही.

अलीकडील बदल : शोधयंत्राने दुव्यांची यादी देण्याऐवजी स्वतःच सारांशरूप उत्तर लिहावे, ही पद्धत गूगलने मे २०२४ मध्ये अमेरिकेत व ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात सुरू केली. उत्तर तेथेच मिळाल्याने वाचक मूळ संकेतस्थळापर्यंत जाईलच असे राहिले नाही. ज्यांचे उत्पन्न वाचकांच्या भेटींवर अवलंबून आहे अशा वृत्तपत्रांना ही चिंतेची बाब आहे. हळद विकणाऱ्यास मात्र उत्तरात आपल्या गावाचे नाव अचूकपणे येणे हेच पुष्कळ वाटू शकेल. यंत्राचा सारांश उपलब्ध मजकुरावरच उभा असतो. मराठीत एखाद्या विषयावर विश्वसनीय मजकूर कमी असेल, तर सारांश इंग्रजी वा हिंदी मजकुरावरून केला जातो आणि त्यात स्थानिक नावांची मोडतोड होते : कारंजा (घाडगे) व कारंजा (लाड) यांचे एकच गाव होण्यास वेळ लागत नाही. अशा चुका दुरुस्त करण्याचा मार्ग सध्या तरी अप्रत्यक्षच आहे. योग्य माहिती आपल्या संकेतस्थळावर स्पष्ट वाक्यांत, तारखेसह व जबाबदार नावाने द्यावी, मराठी विकिपीडियासारख्या ज्या मुक्त कोशांतून यंत्रे माहिती घेतात त्यांतील संबंधित नोंदी साधार असतील याकडे लक्ष ठेवावे आणि बदल दिसून येण्यास काही आठवडे, क्वचित महिने लागतील असे धरून चालावे. कोणत्या शब्दांवरून किती वाचक आले, कोणती पृष्ठे सूचीत गेली नाहीत, यांची माहिती शोधयंत्रे संकेतस्थळाच्या मालकास विनामूल्य पुरवितात. महिन्यातून एकदा ती पाहण्याचे काम संस्थेतील एका व्यक्तीकडे नेमून दिलेले असावे.